खून : रहस्यकथेतला आणि कायद्यातला

रहस्यकथा ज्या पानावर संपते, तेथून पुढे फौजदारी न्यायालयाचे खरे काम सुरू होते. 'खुनी कोण?' हा एक प्रश्न कादंबरीला अडीचशे पाने पुरतो. सत्र न्यायालयात तो बहुतेक वेळा प्रथम खबरी अहवालाच्या पहिल्या काही ओळींतच सुटलेला असतो. आरोपी शेजारी असतो, भाऊ असतो, नवरा असतो. कधी कधी रक्ताने माखलेला कोयता घेऊन तो स्वतःच पोलीस ठाण्यात हजर झालेला असतो. त्यानंतर खटला वर्षानुवर्षे चालतो तो वेगळ्याच प्रश्नावर : या माणसाने जे केले, त्याला कायद्याच्या भाषेत खून म्हणायचे की नाही? फाशी, जन्मठेप की काही वर्षांची कैद, हे त्या उत्तरावर ठरते.

वृत्तपत्रात '३०२ चे कलम रद्द होऊन ३०४ लागले' अशी बातमी येते, तेव्हा वाचकाला वाटते की कोठे तरी पाणी मुरले. क्वचित ते खरेही असते. पण पुष्कळदा हा संशय आपल्या मनातील खुनाच्या कल्पनेतून येतो आणि ती कल्पना आपण कायद्याच्या पुस्तकातून घेतलेली नसते. ती शेरलॉक होम्स, हर्क्युल पॉयरो आणि आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयाकडून घेतलेली असते. म्हणून ही दोन्ही दालने एकदा शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरेल.

प्रेत हवेच

एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा लिहिली. आधुनिक हेरकथेचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. गंमत अशी की, शीर्षकातच 'खून' असलेल्या या आद्य कथेत कायद्याच्या दृष्टीने एकही खून नाही. पॅरिसमधील त्या दोन स्त्रियांना ठार करतो तो एका खलाशाच्या ताब्यातून निसटलेला ओरँगउटान. जनावराला कायदा उद्देश चिकटवत नाही. खलाशाला फार तर ताब्यातील जनावराबाबत हलगर्जीपणा केल्याबद्दल जबाबदार धरता येईल.

पुढेही बराच काळ हेरकथेला खून अनिवार्य नव्हता. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८) एका हिऱ्याभोवती फिरते. होम्सच्या पहिल्या कथासंग्रहात बँकेवरचा दरोडा आहे, चोरलेले रत्न आहे, राजाचे अडचणीचे छायाचित्र आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी-अमेरिकी 'सुवर्णकाळात' मात्र खुनाशिवाय पान हलेना. अमेरिकी लेखक एस. एस. व्हॅन डाइन याने १९२८ मध्ये हेरकथेचे वीस नियम लिहिले, त्यांत प्रेत असलेच पाहिजे असे बजावले. किरकोळ गुन्ह्यासाठी वाचकाने एवढी पाने का उलटावीत, असा त्याचा रोखठोक सवाल होता. या आग्रहामागे कायद्यातील एक वस्तुस्थितीही उभी होती. इंग्लंडमध्ये १९५७ पर्यंत खुनाला एकच शिक्षा होती, मृत्युदंड. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. गुन्हेगाराचे नाव उच्चारणे म्हणजे त्याला फासावर पाठवणे, हे वाचकाला सांगावे लागत नसे.

कादंबरीला प्रेत लागते. कायद्याला ते लागतेच असे नाही. जॉन जॉर्ज हेग या इंग्रज गुन्हेगाराचा समज उलटा होता. प्रेतच नसेल तर खून सिद्ध होणार नाही, या भरवशावर तो बळींची शरीरे गंधकाम्लात विरघळवून टाकत असे. शेवटच्या बळीची कृत्रिम कवळी आम्लात विरघळली नाही. दंतवैद्याने ती ओळखली आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये हेग फासावर गेला. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामानंद खटल्यात हेच स्पष्ट केले, की मृत्यू घडल्याचा भक्कम पुरावा हवा. मृतदेह सापडलाच पाहिजे अशी अट नाही.

प्रत्येक खून मनुष्यवध, प्रत्येक मनुष्यवध खून नव्हे

मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली मसुदा तयार झालेले भारतीय दंड विधान १८६० मध्ये संमत झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालतात. पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखे वापरले गेलेले '३०२' आता १०३ झाले आहे. ३०४ चे १०५ झाले, आणि व्याख्यांची २९९ व ३०० ही कलमे १०० व १०१ झाली. आकडे बदलले असले, तरी मूळ विचार एकोणिसाव्या शतकातलाच आहे.

त्या विचारानुसार मोठे वर्तुळ 'सदोष मनुष्यवधा'चे आणि त्यातले लहान वर्तुळ 'खुना'चे. सदोष मनुष्यवध खून ठरण्याचे चार मार्ग कायदा सांगतो. ठार मारण्याचाच उद्देश असणे, हा पहिला. दुसरा, समोरच्या व्यक्तीच्या एखाद्या दुखण्यामुळे विशिष्ट इजा तिला प्राणघातक ठरेल, हे ठाऊक असताना ती इजा करणे. तिसरा, निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी असलेली इजा हेतुपुरस्सर करणे. आणि चौथा, गर्दीत गोळीबार करण्यासारखे इतके भयंकर कृत्य, की त्यातून कोणी तरी मरणारच हे करणाऱ्याला कळत असते. यांपैकी एखादा मार्ग लागू पडला, तरी अपवाद उरतात : गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, स्वसंरक्षणाच्या हक्काची मर्यादा ओलांडणे, अकस्मात उद्भवलेले भांडण इत्यादी. अपवाद लागला की खून पुन्हा मोठ्या वर्तुळात सरकतो. तेथे शिक्षा जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे. केवळ जाणीव होती, उद्देश नव्हता, असे ठरले तर दहा वर्षांपर्यंत.

मसुदा वाचायला सुबक, वापरायला निसरडा. इंग्लंडचे विख्यात कायदेपंडित जेम्स फिट्झजेम्स स्टीफन भारतात विधी सदस्य होते. त्यांनीही ही कलमे म्हणजे या संहितेचा सर्वांत दुबळा भाग असल्याचे म्हटले होते. वकिलांच्या पिढ्या ज्या निकालाच्या आधारे हा फरक शिकल्या, तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. १८७६ चा 'गोविंदा' खटला. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. न्या. मेल्व्हिल यांनी दोन्ही कलमे शेजारी मांडून शब्दशः ताडून पाहिली. मृत्यू घडण्याचा संभव असलेली इजा आणि निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी असलेली इजा यांत अंतर आहे, असे त्यांनी दाखवले आणि हा खून नसून सदोष मनुष्यवध असल्याचा निर्णय दिला. आजच्या वाचकाला त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा विचार करता तो निर्णय बोचेल. पण संभव आणि खात्री यांतले ते अंतर तेव्हापासून कायद्यात पक्के झाले.

त्याच्या दुसऱ्या टोकाला १९५८ चा विरसा सिंग खटला. एका माणसाने दुसऱ्याच्या पोटात भाल्याचा एकच वार केला. बचाव असा, की मारून टाकायचे नव्हते. न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितले की, तिसऱ्या मार्गासाठी ठार मारण्याचा उद्देश पाहायचाच नसतो. आरोपीला ती विशिष्ट इजा करायची होती का, एवढेच पाहायचे. ती मृत्यूस पुरेशी होती का, हे वैद्यकीय पुरावा सांगेल. 'मला एवढे व्हायला नको होते' या वाक्याची किंमत या निकालाने बरीच उतरवली.

आता होम्सकडे वळू. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०२) या कादंबरीत सर चार्ल्स यांचा मृत्यू होतो तेव्हा अंगावर दातांची खूणही नसते. हृदयविकार असलेला वृद्ध मनुष्य प्रचंड कुत्रा पाहून भीतीने गतप्राण होतो. हृदय दुबळे आहे हे ठाऊक असलेल्या आणि मृत्यू घडवण्यासाठीच कुत्रा सोडणाऱ्या माणसाने केलेला हा खूनच. पण तो सिद्ध कसा करणार? एवढ्या पुराव्यावर न्यायालयात गेलो तर हसे होईल, हे होम्सलाही ठाऊक असते. म्हणून तर तो गुन्हेगाराला दुसरा प्रयत्न करू देतो आणि ज्याच्या रक्षणासाठी आला, त्याचाच जीव टांगणीला लावतो. हा डाव आज एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खेळला, तर चौकशी त्याचीच लागेल.

हेतू आणि उद्देश

रहस्यकथेचा मुख्य खांब म्हणजे हेतू. मृत्युपत्र कोणाच्या नावे होते, विम्याचे पैसे कोणाला मिळणार, जुना सूड कोणाचा. कायद्यात हेतू आणि उद्देश या वेगळ्या वस्तू आहेत. माणसाने कृत्य का केले, तो हेतू. कृत्य करताना त्याला काय घडवायचे होते, तो उद्देश. खून सिद्ध करायला उद्देश किंवा जाणीव लागते. हेतू सापडला तर पुरावा बळकट होतो. सापडला नाही म्हणून प्रत्यक्षदर्शी साक्ष असलेला खटला कोसळत नाही.

एखाद्या कादंबरीकाराने रचावा असा एक खटला १९१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर आला होता. आरोपीने एका माणसाच्या आयुष्याचा मोठ्या रकमेचा विमा उतरवला आणि त्याला विष घातलेला हलवा दिला. त्या माणसाने थोडा खाल्ला आणि उरलेला टाकून दिला. घरातील आठ-नऊ वर्षांच्या मुलीने तो उचलून खाल्ला. माणूस वाचला, मुलगी दगावली. तिला मारण्याचा आरोपीचा कोणताही हेतू नव्हता. न्यायालयाने बहुमताने तो तिच्या खुनाचा दोषी ठरवला, कारण एकाला मारण्याच्या उद्देशाने केलेल्या कृत्यातून दुसरा मेला, तरी तो उद्देश त्या दुसऱ्या मृत्यूलाही चिकटतो. पूर्वीचे कलम ३०१ आणि आताचे १०२ हेच सांगते. मेजवानीतील विषारी पेला भलत्यानेच उचलला, तर कादंबरीत 'खरा बळी कोण होता?' असे नवे कोडे पडते. कायद्याला त्या कोड्याने फरक पडत नाही.

याउलट एक निकाल असा आहे, की तो वाचून सामान्य माणूस डोक्याला हात लावेल. पळणी गौंडन याने बायकोच्या डोक्यात नांगराचा फाळ मारला. ती बेशुद्ध पडली. मेली असे समजून त्याने आत्महत्येचा देखावा करण्यासाठी तिला दोरीने आढ्याला टांगले. शवविच्छेदनात दिसले की मृत्यू टांगल्यामुळे झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९१९ मध्ये त्याला खुनातूनच नव्हे, सदोष मनुष्यवधातूनही मुक्त केले आणि जबर दुखापतीबद्दल शिक्षा दिली. तर्क असा : फाळ मारताना जीव घेण्याचा उद्देश सिद्ध झाला नाही, टांगताना उद्देश प्रेताची विल्हेवाट लावण्याचा होता आणि प्रेताचा खून करता येत नाही. या निकालावर पुढे पुष्कळ टीका झाली. १९५४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ताबो मेली खटल्यात, आधीपासून कट रचून केलेली कृत्ये एकच मालिका मानून खून ठरवला. पण तेथे मुळात मारण्याचा कट होता. कादंबरीकाराने पळणी गौंडनचा शेवट लिहिला असता, तर वाचकांनी पुस्तक भिरकावले असते.

पुण्यातील दोन विषप्रयोग

इंग्रजी सुवर्णकाळाचे आवडते शस्त्र विष. अगाथा ख्रिस्ती हिने पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते आणि ते ज्ञान तिच्या पहिल्या कादंबरीपासून दिसते. या लेखकांनी स्वतःवर एक बंधनही घालून घेतले होते. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये हेरकथेच्या दहा आज्ञा सांगितल्या, त्यांपैकी एक अशी की आजवर अज्ञात असलेले विष वापरता कामा नये. वाचकाला फसवायचे, पण न्यायाने फसवायचे.

न्यायालयाला अशी हमी कोणी देत नाही. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत एक मधुमेही विधवा आणि तिच्या कुटुंबाच्या परिचयाचे डॉक्टर एकत्र प्रवास करत होते. पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोहोचली, तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टरांनी तिला जी. टी. रुग्णालयात नेले, तेथे तिचे नाव वेगळेच नोंदले गेले. त्याच दिवशी ती मरण पावली. नातेवाइकांना कळवले गेले नाही, प्रेत बेवारस राहिले. शवविच्छेदन झाले, व्हिसेरा तपासला गेला, विष सापडले नाही. मृत्यूचे कारण मधुमेही मूर्च्छा असे नोंदले गेले. त्यानंतर तिने दूरगावी पुनर्विवाह केल्याची पत्रे तिच्या नावाने नातेवाइकांना येऊ लागली आणि तिची मालमत्ता हळूहळू डॉक्टरांकडे वळू लागली.

अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या नावाने हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. विषप्रयोगाच्या खटल्यात मृत्यू विषाने झाला, विष आरोपीजवळ होते आणि ते देण्याची संधी त्याला होती, एवढे सिद्ध करावे लागते, असा संकेत होता. येथे पहिल्याच पायरीला विषाचे नाव नव्हते. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने फाशी कायम केली. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांचा. कोणते विष हे सांगता आले नाही म्हणून परिस्थितीजन्य पुराव्याने मृत्यू विषाने झाला हे सिद्धच होऊ शकत नाही, असे मानले तर वैद्यकाचे ज्ञान असलेला चतुर विषप्रयोगी नेहमीच सुटेल, असा त्याचा आशय होता. मृत्यूपूर्वीची आणि विशेषतः मृत्यूनंतरची आरोपीची वागणूक त्यांनी निर्णायक मानली. न्या. सरकार यांना मात्र मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झाल्यासारखे वाटले नाही. एकच पुरावा, तीन अनुभवी न्यायमूर्ती आणि मधे फाशीचा दोर, ही या निकालाची वजनदार बाजू आहे.

पाव शतकानंतर पुण्यातलाच दुसरा खटला. जून १९८२ मध्ये एक नवविवाहिता सासरी मृतावस्थेत सापडली. या वेळी विषाचे नाव माहीत होते, पोटॅशियम सायनाइड. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पतीला निर्दोष सोडले. विष त्याच्याजवळ होते हे सिद्ध झाले नव्हते आणि तिने स्वतः ते घेतले असण्याची शक्यता पुराव्याने मिटलेली नव्हती. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्या. फझल अली यांनी परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडली आणि त्यांना 'पंचशील' म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध हवी. ती केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळावी. तिचे स्वरूप निर्णायक असावे. इतर प्रत्येक शक्यता तिने मोडीत काढावी. आणि साखळी इतकी अखंड असावी, की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये. आज देशातील कोणत्याही परिस्थितीजन्य खटल्याचा निकाल उघडा, त्यात हे पंचशील सापडेल.

या कसोटीवर पॉयरोचे किती खटले टिकतील? फार थोडे, असे म्हणावे लागेल. त्याची उकल सर्व तुकडे बसवते, यात शंका नाही. पण तुकडे बसवणारी दुसरी जुळणी अशक्य आहे, हे तो क्वचितच दाखवतो. आरोपी दोषी 'असू शकतो' आणि दोषी 'असलाच पाहिजे' यांत लांबचे अंतर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात बजावले होते. कादंबरीकाराला हे अंतर पार करायला सोपे वाहन मिळते : कबुली.

दिवाणखान्यातील कबुली

सर्व संशयित दिवाणखान्यात जमतात, हेर बोलत राहतो, खुन्याचा तोल सुटतो आणि तो सारे ओकून टाकतो. कोपऱ्यात इन्स्पेक्टर उभा असतोच. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हे सांगत होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ सांगते. पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेली कबुली दंडाधिकाऱ्यासमोर नसेल, तर तीही बाद. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, उदाहरणार्थ विहिरीत टाकलेला सुरा, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य. खासगी हेरासमोरची कबुली न्यायालयबाह्य ठरेल. ती बाद नाही, पण दुबळी. कोठडीत कबुली कशी मिळवली जाते, हे इंग्रज राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते, म्हणून हे कलम आले.

ख्रिस्तीची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' (१९२०) ज्यांनी वाचलेली नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

त्यात खुनी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच पेरतो. लवकर अटक व्हावी, खटला चालावा, ऐन वेळी तो दुसऱ्या ठिकाणी असल्याचा भक्कम पुरावा पुढे यावा आणि सुटका व्हावी, असा त्याचा बेत असतो. कारण एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी इंग्लंडमध्ये पुन्हा खटला चालत नसे. कायद्याचे एक तत्त्वच येथे शस्त्र झाले आहे. आज तिकडे ही युक्ती चालणार नाही. २००३ च्या कायद्याने नवा आणि सबळ पुरावा मिळाल्यास खुनाच्या आरोपातून सुटलेल्यावर पुन्हा खटला चालवण्याची वाट मोकळी केली. भारतात दुसऱ्यांदा खटला न चालवण्याचे संरक्षण आहे, पण सुटकेविरुद्ध सरकार अपील करू शकते. खालच्या न्यायालयातून सुटलेला माणूस वरच्या न्यायालयात जन्मठेपेस गेल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

त्यांपैकी सर्वांत गाजलेले मुंबईचेच. नौदल कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या आणि स्वतःच पोलिसांकडे गेले. खुनी कोण, हे शहरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. वाद एकाच गोष्टीचा, गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना सोडले. न्यायाधीशांनी असहमत होऊन प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीने कबुली दिल्यापासून गोळ्या सुटेपर्यंत सुमारे तीन तास गेले. त्या वेळात मुले चित्रपटगृहात सोडली गेली, जहाजावरून रिव्हॉल्व्हर मिळवले गेले. राग शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने मानले. रहस्याचा कणही नसलेला हा खटला साऱ्या शहराने महिनोन्‌महिने वाचला, हे रहस्यकथाकारांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

हेर न्यायाधीश होतो तेव्हा

'द ॲबी ग्रेंज' (१९०४) या कथेत होम्स न्यायाधीश होतो, वॉटसनला ज्युरी करतो आणि क्रूर नवऱ्याला ठार करणाऱ्या खलाशाला दोघे सोडून देतात. वाचकालाही बरे वाटते. पण त्या खलाशावर आधी हल्ला झालेला होता. खऱ्या न्यायालयात स्वसंरक्षणाचा बचाव त्याला मिळाला असता आणि तो उजळ माथ्याने बाहेर पडला असता. होम्सने दिली ती दया. कायद्याकडे त्याच्यासाठी हक्क होता.

'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४) चे रहस्य आता चित्रपटांमुळे फारसे लपलेले नाही. बाराजण मिळून एकाला भोसकतात आणि कोणता वार प्राणघातक ठरला, हे त्यांनाही माहीत नसते. आपल्याकडे घडले असते तर तो प्रश्नच उद्भवला नसता. समान उद्देशाचे कलम, पूर्वीचे ३४ आणि आताचे ३ (५), बाराही जणांना सारखेच जबाबदार धरते. पोलिसांना खोटी हकिगत सांगणारा पॉयरो पुरावा दडपल्याच्या आरोपात वेगळा अडकला असता.

हेराने चुकीच्या माणसावर बोट ठेवले तर काय, हे मात्र या कथा सहसा विचारत नाहीत. डोरोथी सेयर्स हिने विचारले. 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) सुरू होते तीच न्यायाधीशाच्या भाषणाने. पिंजऱ्यात एक निर्दोष स्त्री असते आणि ज्युरीचे एकमत न झाल्यामुळेच ती वाचते. 'बसमन्स हनीमून' (१९३७) च्या शेवटी स्वतः पकडून दिलेल्या गुन्हेगाराच्या फाशीच्या पहाटे लॉर्ड पीटर विम्झी कोसळून रडतो. त्या दोन पुस्तकांच्या मधे, १९३५ मध्ये, वूलमिंग्टन या एकवीस वर्षांच्या शेतमजुराच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले होते की, बायकोवर गोळी चुकून सुटली हे आरोपीने सिद्ध करायचे नसून ती मुद्दाम झाडली हे सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते. त्याची फाशी रद्द झाली.

टिमोथी इव्हान्स याच्या नशिबी ते नव्हते. बायको आणि तान्हे मूल लंडनच्या १०, रिलिंग्टन प्लेस या घरात गळा आवळलेले सापडले. पोलिसांपुढे त्याने कबुली दिली, पुढे ती नाकारली आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याकडे बोट दाखवले. तो शेजारी सरकार पक्षाचा साक्षीदार होता. १९५० मध्ये मुलीच्या खुनाबद्दल इव्हान्सला फाशी झाली. तीन वर्षांनी त्याच घराच्या भिंतीआड, फरशीखाली आणि बागेत आणखी स्त्रियांची प्रेते सापडली आणि तो साक्षीदार शेजारी, जॉन ख्रिस्ती, स्वतः फासावर गेला. इव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. ब्रिटनने खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित केली आणि १९६९ मध्ये कायमची रद्द केली. भारतात १९८० च्या बचन सिंग निकालापासून 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच ती द्यावी असा दंडक आहे, आणि नव्या संहितेच्या कलम १०३ मध्ये ती शिक्षा कायम आहे.